भात तांबारलं की आधी मूळ बघा

मातीचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

आषाढात पाऊस लागून राहिला की या सदराची टपाल पश्चिमेकडून यायला लागते. पाटण, जावळी, शिराळा. ऊसवाल्यांची पत्रं बारा महिने येतात, भातवाल्यांची मात्र याच दिवसांत. त्यातल्या बहुतेकांचा सूर एकच असतो : पानं अशी झालीत, फोटो पाठवलाय, काय फवारू? माझी नोकरी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली. त्यामुळं मी आधी पानाचं विचारत नाही, मुळाचं विचारते. या वेळी भाताचीच पत्रं घेतली आहेत. उसाच्या पत्रांना पुढच्या अंकात जागा देते.

ताई, पाटण तालुक्यात कोयना खोऱ्यात आमची खाचरं आहेत. इंद्रायणी भात लावलंय, लागण होऊन महिना होत आला. वरच्या खाचरांत भात हिरवंगार आहे, पण डोंगराला लागून खाली जी दोन खाचरं आहेत तिथलं सगळं तांबारलं. खालच्या पानांच्या शेंड्याला बारीक तपकिरी ठिपके येतात, मग अख्खं पान तांबडं होऊन वाळतं. दुकानदार म्हणाला तांबेरा आहे, बुरशीनाशक दिलं. मारून झालं, फरक नाही. मग 18:46 (डीएपी) खतावर आणखी युरिया टाकला, तर जास्तच झालं. हातचं पीक जाणार का?

दादा, पीक जाणार नाही, पण बुरशीनाशकाची पुढची बाटली आणू नका. गव्हावर येतो तो तांबेरा भातावर येत नाही. भातावर डाग पाडणारे रोग आहेत, पण त्यांचे डाग वेगळे दिसतात. करप्याचा डाग दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे राखाडी असतो. तपकिरी ठिपक्याच्या रोगाचा डाग तिळाएवढा, लांबट गोल, भोवती पिवळसर कड. तुमच्या फोटोतले ठिपके टाचणीच्या टोकाएवढे आहेत, शेंड्यापासून सुरू होऊन शिरांच्या मधून खाली सरकलेत आणि जुन्या पानांवर जास्त आहेत. त्यातून वरची खाचरं हिरवी आणि डोंगराच्या कुशीतली तांबडी. बियाणं एक, दिवस एक, फवारणी एक, तरी फरक पडतो तो पाण्याच्या वाटेनं. ही लोहाची विषबाधा आहे.

आता एक काम करा. तांबड्या खाचरातला एक चूड, म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका, मुळाभोवतीच्या मातीसकट फावड्यानं उचला, ओढून काढू नका, मुळं तुटतात. बादलीत हलक्या हातानं धुवा आणि पांढऱ्या ताटात पसरा. शेजारी वरच्या हिरव्या खाचरातला चूड तसाच धुऊन ठेवा. हिरव्यातली मुळं भरपूर, लांब, टोकं पांढरी आणि अंगावर हलकी नारिंगी झाक अशी दिसतील. ती झाक चांगली खूण आहे. तांबड्या खाचरातली मुळं थोडी, आखूड, जाड, आणि त्यांच्यावर गडद तपकिरी खरबरीत थर चढलेला. नखानं खरवडला तर थर सुटतो आणि आतलं मूळ मऊ पडलेलं लागतं. पांढरी टोकं शोधावी लागतात. पान तांबडं पडायच्या आधी मुळाची ही अवस्था झालेली असते.

हे का होतं ते सांगते, कारण एकदा ते कळलं की उपाय तुमचे तुम्हालाच सुचतील. आपल्याकडची जांभ्याची माती तांबडी असते ती लोहाच्या गंजामुळं. हा गंज पाण्यात विरघळत नाही, म्हणून कोरड्या रानात त्याचा कुणाला त्रास नाही. खाचरात पाणी साठलं की मातीतला ऑक्सिजन एखाद्या दिवसात संपतो. मातीतले जिवाणू मात्र थांबत नाहीत. त्यांना श्वासासाठी ऑक्सिजनच्या जागी दुसरं काही लागतं. आधी ते नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोहाचा गंज, आणि तोही सरत आला की सल्फेट. हा क्रम श्रीलंकेचे मृदा-रसायनशास्त्रज्ञ एफ. एन. पोन्नमपेरुमा यांनी फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं काम करून बारकाईनं मांडला. 1972 सालचा त्यांचा लेख आजही या विषयाचा पाया आहे. लोहाची पाळी आली की न विरघळणारा गंज विरघळणाऱ्या फेरस लोहात बदलतो आणि मातीतल्या पाण्यात उतरतो. आम्लधर्मी मातीत पाणी भरल्यावर दोन ते चार आठवड्यांत तो सगळ्यात जास्त असतो. तुमची लागण महिन्याची आहे, म्हणजे तुम्ही नेमके त्या दिवसांत आहात.

भाताला याचा बंदोबस्त माहीत आहे. त्याच्या खोडात आणि मुळांत कमळाच्या देठासारख्या पोकळ नळ्या असतात. पानाकडून हवा त्यातून मुळाच्या टोकापर्यंत जाते आणि थोडी बाहेर मातीत झिरपते. मुळाभोवती फिरणाऱ्या फेरस लोहाला ती हवा लागली की त्याचा पुन्हा गंज होतो आणि तो बाहेरच अडकतो. हिरव्या चुडाच्या मुळावर दिसणारी नारिंगी झाक ती हीच. मुळाची ही ताकद कमी पडली, किंवा लोह फारच आलं, की ते आत शिरतं, पाण्याबरोबर पानात जातं आणि पेशी जाळतं. जुन्या पानांतून जास्त पाणी उडून गेलेलं असतं, म्हणून आधी तीच तांबडी होतात.

मुळाची ताकद कमी का पडली? तुम्ही लिहिलंय 18:46 आणि युरिया. यात पालाश, म्हणजे पोटॅश, कुठंच नाही. पालाश कमी पडला की भाताच्या मुळाची लोह अडवण्याची ताकद जाते. स्फुरद (फॉस्फरस), चुना, मॅग्नेशियम कमी असले तरी ती घटते, पण पालाशाचा हिशेब सगळ्यात मोठा. युरिया जास्त झाला की शेंडा वाढतो, आहे तो पालाश त्या वाढीत विभागला जातो आणि मूळ आणखी दुबळं होतं. युरियानंतर जास्त झालं असं तुम्हाला दिसलं ते खरंच आहे.

इथं मला जरा थांबून बोलायचंय, कारण घाटाकडच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात ही गोष्ट असते. पोटॅश महाग म्हणून पहिली काट त्यालाच बसते. भाताला एकरी 40 किलो नत्र (नायट्रोजन), 20 किलो स्फुरद, 20 किलो पालाश अशी आपल्याकडची शिफारस आहे. 20 किलो पालाश म्हणजे साधारण 33 किलो म्युरेट ऑफ पोटॅश, पुरतं एक पोतंही नाही. आणि शेतातून जातं किती ते बघा. भातानं उचललेल्या पालाशापैकी सुमारे 80 टक्के पेंढ्यात राहतो. एक टन पेंढ्यातून 14 ते 20 किलो पालाश शेताबाहेर जातो. तो पेंढा म्हशीनं खाल्ला, तिचं शेण उकिरड्यावर पडलं आणि ते खत गेलं घराजवळच्या भाजीला नाहीतर खालच्या उसाला. डोंगराखालच्या खाचराकडं परत काहीच येत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि मग एका ओल्या वर्षी भात तांबडं होतं.

तुमच्या खाचरांत दुसरं कारणही आहे, वरून येणारा पाझर. डोंगरातून मुरून येणारं पाणी वाटेत जांभ्यातलं लोह विरघळवून आणतं आणि ते उताराच्या पायथ्याला उघडं पडतं. बांधाच्या कडेला, जिथं पाणी संथ असतं तिथं, पाण्यावर तेलासारखा चकचकीत निळसर-तांबूस पापुद्रा आहे का बघा. असेल तर काडीनं ढवळा. तेल असेल तर ते पुन्हा एक होतं. लोहाचा पापुद्रा काचेसारखे तुकडे होऊन फुटतो आणि तसाच तरंगत राहतो. त्याच्याखाली नारिंगी साका बसलेला असतो. हे दिसलं तर प्रयोगशाळेत काही पाठवायची गरज नाही.

आता काय करायचं. आज-उद्या मोरी उघडा आणि साठलेलं पाणी काढा. डोंगराच्या अंगाला बांधाबाहेर फूट-दीड फूट खोल चर मारा आणि पाझराचं पाणी खाचरात न शिरता बाजूच्या ओहोळात जाईल असं करा. या चराला दोन माणसं आणि एक दिवस लागेल, पण माझ्या मते सगळ्या उपायांत हाच मोठा. खाचर 7 ते 10 दिवस बिनपाण्याचं ठेवा. माती ओली राहू दे, भेगा पडायच्या नाहीत. तुम्ही म्हणाल, ताई, पाटणात श्रावणात पाऊस थांबतो का? थांबायला नकोच आहे. पावसाचं थेंबाथेंबानं पडणारं ताजं पाणी स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं. अडचण आहे ती साठून राहिलेल्या आणि पाझरून आलेल्या पाण्याची. मोरी उघडी ठेवा, वरून कितीही पडू दे.

पाणी काढल्यावर एकरी 15 ते 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश फोका. युरिया या आठ-दहा दिवसांत अजिबात नको. माती उघडी असताना युरियाचा नायट्रेट होतो आणि पाणी परत भरलं की तो वायू होऊन उडून जातो, म्हणजे पैसे हवेत. नवीन पांढरी मुळं दिसली, मधलं कोवळं पान हिरवं निघालं, की मग चिखलावर थोडा युरिया द्या आणि एक दिवस सोडून पाणी घ्या. तांबडी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, ती बघून घाबरू नका. नवीन पानांकडं लक्ष ठेवा.

पुढच्या वर्षासाठी तीन गोष्टी. कापणी झाली की ओल असतानाच नांगरट करून माती उघडी टाका. उन्हाळाभर हवा लागली की फेरस लोह परत गंजात जातं. दुसरी, या दोन खाचरांत पहिली चिखलणी लवकर करून पाणी 10 ते 20 दिवस साठू द्या, ते सगळं काढून टाका आणि दुसरी चिखलणी करून मग लागण करा. लोहाचा पहिला लोंढा रोपं येण्याआधीच निघून जातो. तिसरी, मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट ते) काढून घ्या आणि 5.5 च्या खाली असेल तर प्रयोगशाळेनं सांगितलेला चुना उन्हाळ्यात मिसळा. उभ्या पिकात चुना नको.

मॅडम, मी जावळी तालुक्यातला. आमच्याही भातावर तसलेच ठिपके येतात. पण माती परीक्षणाच्या अहवालात लोह ‘पुरेसे’ असं लिहिलंय, ‘जास्त’ नाही. अहवाल चुकीचा समजायचा का?

अहवाल बरोबर आहे. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

तुमचा नमुना प्रयोगशाळेत आला की तो सावलीत ट्रेमध्ये पसरून वाळवतात, कुटतात, चाळतात आणि मग त्यातलं लोह डीटीपीए नावाच्या द्रावणानं काढून मोजतात. ही पद्धत कमतरता ओळखायला केलेली आहे. 4.5 पीपीएमच्या खाली आकडा आला तर लोह कमी समजायचं, त्याच्या वर असेल तर पुरेसं. गहू, भुईमूग, ऊस यांना ती चांगली लागू पडते. पण खाचरातली माती वाळवली की तिचा स्वभावच बदलतो. हे मी ट्रेसमोर बसून पाहिलंय. भर पावसात खाचरातून काढलेला गोळा निळसर करडा असायचा, शिंपल्याच्या आतल्या बाजूच्या रंगाचा, हाताला लोण्यासारखा मऊ. ट्रेमध्ये पसरला की कडेनं तांबूस व्हायला लागायचा, मुळांच्या बारीक छिद्रांभोवती आधी नारिंगी कडी उमटायची, आणि वाळेपर्यंत सगळा ट्रे तांबडा. करड्या गोळ्यात जे फेरस लोह होतं त्याचा आमच्या डोळ्यांसमोर गंज झालेला असायचा. यंत्र मोजतं ते या वाळलेल्या मातीला.

म्हणून लोहाच्या विषबाधेसाठी अहवालातल्या लोहाच्या रकान्याकडं बघू नका, सामू आणि पालाशाच्या रकान्याकडं बघा. सामू 5.5 च्या आत आणि पालाश कमी, ही जोडी दिसली आणि खाचर पाझराचं असलं, तर धोका आहे असं समजा. अगदी खात्रीच करायची असेल तर पानं पाठवा. फुटव्याच्या वेळी वरून दुसरं पूर्ण उघडलेलं पान घ्या, चिखलाचा कण राहणार नाही इतकं स्वच्छ धुवा, कारण चिखलात लोहच लोह असतं आणि आकडा खोटा मोठा येतो. पानात किलोला 300 ते 500 मिलिग्रॅमच्या वर लोह निघालं तर विषबाधा धरतात. शेतावरच बघायची सोयही आहे. डायपिरिडिल नावाच्या रसायनाचं द्रावण ओल्या ताज्या मातीवर टाकलं की फेरस लोह असेल तिथं लाल-गुलाबी रंग येतो. गोळा फोडल्या फोडल्या टाकावं लागतं. कृषी विज्ञान केंद्रात विचारून बघा, त्यांच्याकडं असेल तर शेतावर येऊन दाखवतील.

आणि खतासाठीचा नमुना उभ्या पाण्यातून काढत जाऊ नका. कापणीनंतर, नांगरटीच्या आधी काढा.

नमस्कार ताई. शिराळा तालुक्यात वारणेच्या बाजूला आमची शेती. मालक नोकरीला बाहेर, शेती मीच बघते. या वर्षी रासायनिक खत कमी करायचं म्हणून चिखलणीलाच ताजं शेण आणि ग्लिरिसिडियाच्या फांद्या टाकल्या, मागच्या भाताची खोडकीही तशीच गाडली. दुसऱ्या दिवशी लागण केली. रोपं लागून राहिली पण वाढत नाहीत, पिवळी पडलीत. पाय घातला की बुडबुडे येतात, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. भावजींनी अमोनियम सल्फेट टाकायला सांगितलं, टाकलं. मुळं काळी आहेत. सेंद्रिय खत भाताला चालत नाही का?

वहिनी, चालतं, आणि तुम्ही जो विचार केला तो सोडू नका. खत टाकणं आणि लागण यांच्यामध्ये दिवस गेले पाहिजेत, एवढंच.

पाण्याखाली ताजं शेण, हिरवा पाला, खोडकी कुजायला लागली की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ॲसिटिक, ब्युटिरिक अशी आम्लं तयार होतात. कोवळ्या मुळाला ती भाजतात. हवा गार असेल तर ती जास्त दिवस टिकून राहतात, आणि चांदोलीच्या बाजूचा जुलै किती गार असतो ते तुम्हाला माहीत आहे. त्याच वेळी जिवाणूंना भरपूर खाद्य मिळतं, ते भराभर मातीतला ऑक्सिजन, नायट्रेट, लोह संपवतात आणि सल्फेटपर्यंत पोचतात. सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो. तुम्हाला येतो तो वास त्याचाच. मातीच्या पाण्यात तो लिटरला 0.07 मिलिग्रॅम इतका थोडा असला तरी मुळाला बाधतो. त्यात अमोनियम सल्फेट पडलं, म्हणजे सल्फेटची भर पडली. भावजींनी वाईट सांगितलं असं नाही, निचऱ्याच्या हलक्या जमिनीत ते चांगलं खत आहे. कुजणाऱ्या पाल्याच्या साठलेल्या पाण्यात मात्र नको होतं.

काळ्या मुळांकडं जरा बारकाईनं बघा. एक चूड धुऊन ताटात उघड्यावर ठेवा. काळा रंग थोड्या वेळानं तपकिरी-तांबूस व्हायला लागला आणि मूळ ताठ असलं, तर तो लोह आणि सल्फाइडचा थर आहे. मातीतल्या लोहानं सल्फाइड पकडून ठेवलंय आणि मूळ अजून वाचलंय. रंग तसाच राहिला, मूळ चिमटीत पिचलं आणि त्याला घाण वास आला, तर ते कुजलंय.

लोह इथं भाताच्या बाजूनं उभं राहतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाटणच्या दादांना जे लोह जाळतंय तेच सल्फाइडला बांधून तुमची मुळं वाचवतंय. जपानमध्ये याच्या उलट झालं होतं. तिथल्या काही जुन्या वाळूसर खाचरांतलं लोह झिरपून खाली गेलेलं होतं, वर अमोनियम सल्फेटचा मारा. सुरुवातीला हिरवंगार दिसणारं भात पोटरीनंतर, म्हणजे लोंबी पोटात धरल्यावर, एकदम खचायचं. ‘अकिओची’ म्हणून तो विकार ओळखला जातो. तिथं डोंगरातली लोहयुक्त तांबडी माती आणून खाचरात टाकली आणि सल्फेटची खतं बदलली. म्हणून लोह वाईट, गंधक वाईट अशी यादी करून उपयोग नाही. आपल्या खाचरात काय आहे आणि पाणी किती दिवस साठलंय, त्यावर ठरतं.

तुम्ही आत्ता पाणी काढा आणि माती घट्ट व्हायला लागेपर्यंत पुन्हा भरू नका. वास जाणं ही खूण. कोळपं चालत असेल तर ओळींतून फिरवा, अडकलेला वायू निघतो आणि हवा जाते. अमोनियम सल्फेट आता बंद, पुढचा नत्राचा हप्ता युरियातून द्या, तोही नवीन मुळं आल्यावर. पालाश तुम्हीही द्या.

पुढच्या वर्षी शेणखत चांगलं कुजलेलं असेल तर चिखलणीच्या वेळी टाकायला हरकत नाही. ताजं असेल तर उन्हाळ्यातच कोरड्या मातीत मिसळा. ग्लिरिसिडियाचा कोवळा पाला लवकर कुजतो, लागणीच्या आधी आठवडाभर गाडला तरी पुरतं, पण फांद्या नकोत, पाला ओरबाडून टाका. खोडकी आणि पेंढा कठीण, त्यांना दोन-तीन आठवडे हवेत. भात लागवडीच्या चारसूत्री पद्धतीत गिरिपुष्पाचा (म्हणजे ग्लिरिसिडियाचाच) पाला, भाताच्या तुसाची राख आणि ब्रिकेट (खताच्या दाबून केलेल्या गोळ्या) यांचा मेळ घातलाय तो विचारपूर्वक घातलाय. तुसाच्या राखेतून सिलिका आणि थोडा पालाश मिळतो. सिलिकानं खोड ताठ राहतं आणि मुळाकडं हवाही नीट पोचते. राख रोपवाटिकेत मिसळा. नुसत्या ब्रिकेट खोचून खत झालं असं मात्र धरू नका. युरिया-डीएपीच्या ब्रिकेटमध्ये पालाश नसतो.

तुमच्याकडं शेजारी कुणी धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलं असेल तर त्यांचं भात बघून या. तिथं मुळं आधी कोरड्या, हवा खेळत्या मातीत खोल जातात आणि पाणी नंतर साठतं, म्हणून हा त्रास कमी दिसतो.

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमची काळी जमीन. एका तुकड्यात ऊस येईना म्हणून भात लावलं. लागणीनंतर तिसऱ्या आठवड्यात पानांवर तपकिरी धूळ उडवल्यासारखे डाग, रोपं खुजी. मागच्या अंकात तुम्ही लोहाच्या विषबाधेबद्दल लिहिलं होतं, तेच का?

नाही. काळ्या चुनखडीच्या जमिनीत, सामू 8 च्या वर असताना, लोहाची विषबाधा होत नाही. तुमच्याकडं जस्त कमी पडतंय. कोवळ्या पानाचा बुंधा बघा, मधली शीर पांढरट पडलेली दिसेल. उत्तरेत तराईच्या भागात याला खैरा म्हणतात. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. वाय. एल. नेने यांनी 1966 साली हा रोग नसून जस्ताची कमतरता आहे हे दाखवलं. तोवर लोक त्यालाही रोगच समजत होते.

फवारणीसाठी झिंक सल्फेट 0.5 टक्का आणि त्यात विरलेला चुना 0.25 टक्का, म्हणजे 10 लिटर पाण्याला 50 ग्रॅम आणि 25 ग्रॅम. चुन्याची निवळी गाळून घाला, चुना न घालता फवारलं तर पानं भाजतात. पुढच्या वेळी लागणीपूर्वी एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट मातीतून द्या. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवून नको, दोन्ही एकमेकांना अडकवून ठेवतात.

ऊस का येईना, ते मात्र आधी तपासा. जमीन खारवट (क्षार साठलेली) आहे की चोपण (सोडियम जास्त झालेली), हे क्षारता आणि विनिमययोग्य सोडियम काढल्याशिवाय कळत नाही. खारवटीला निचरा आणि गोड्या पाण्यानं धुणं लागतं, जिप्सम टाकून पैसे वाया जातात. चोपणीला जिप्सम लागतं, आणि निचरा तिथंही हवाच. भात चोपण बऱ्यापैकी सोसतं, कारण पाणी भरल्यावर सामू खाली येतो. खार मात्र त्याला सोसत नाही, क्षारता 3 डेसिसायमनच्या वर गेली की उत्पन्न घटायला लागतं. अहवाल आला की मला पाठवा, मग जिप्समचं ठरवू.

चुलीतली राख खाचरात टाकली तर चालते का? आमच्या सासूबाई टाकायच्या. (कोयना भागातून एका भगिनीचं पत्र.)

चालते, आणि तुमच्या तांबड्या आंबट मातीत तर जरूर टाका. लाकडाच्या राखेत पालाश असतो आणि चुन्याचाही अंश असतो, दोन्ही तिथं हवेत. राब भाजून रोपं करायची जुनी रीत होती त्यात जळणाची राख वाफ्याला मिळायची, तिचाही रोपाला उपयोग व्हायचा. राख कोरडी साठवा, पावसात भिजली की पालाश धुऊन जातो. चिखलणीच्या आधी पसरा. प्लॅस्टिक जाळलेल्या चुलीची राख नको. युरिया आणि राख एकाच दिवशी टाकू नका, राखेच्या क्षारानं युरियातला नत्र अमोनिया होऊन उडतो, डोळे चुरचुरतील तेव्हाच कळेल. मध्ये आठवडा जाऊ द्या. वरच्या पत्रातल्या वाळव्याच्या जमिनीत मात्र राख टाकू नये, तिथं सामू आधीच चढलेला आहे.